देवमाशाचं पोट कुणी फाडलं?

एक

गुरुवारी सकाळी शाळेच्या सभागृहात देवमासा पोट फाटलेला सापडला. ही बातमी शिपायाला कळली, पहिलीच्या पोरांना कळली, फाटकाशी मुलांना सोडायला आलेल्या पालकांनाही कळली. ज्यांचं कामच बातम्या देणं, त्या बातमीबाईंना मात्र ती सगळ्यांत शेवटी कळली.

बातमीबाई या प्राथमिक शाळेचं वाचनालय सांभाळायच्या आणि दर महिन्याला पालकांसाठी शाळेचं वार्तापत्र काढायच्या. कुठल्या वर्गाची सहल, कुणाचे दात पडले, सुट्टी कधी, डब्यात काय देऊ नये, सगळं त्यात असायचं. त्यामुळे पोरांनी नाव ठेवलं बातमीबाई, आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. उद्या शुक्रवारी पालकदिन होता, त्यानंतर सत्राच्या मध्यावरची आठवडाभराची सुट्टी. वार्तापत्र आज छापून उद्या प्रत्येक दप्तरात जायला हवं होतं. पहिल्या पानावर अर्थातच देवमासा.

आता खरं सांगायचं तर या देवमाशानं बातमीबाईंची झोप उडवली होती. दुसरी 'ब'च्या नव्या बाई याच वर्षी आल्या. आल्या काय आणि शाळेनं त्यांना डोक्यावर घेतलं काय! त्यांनी मुलांकडून एक भला मोठा देवमासा करून घेतला: कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळीनं चिकटवलेल्या कागदांचे थर, वरून निळा रंग. पालकदिनाला मुलं माशाच्या तोंडातून आत शिरणार, शेपटीकडून बाहेर येणार आणि पोटात काय पाहिलं त्याची गोष्ट सांगणार. कागद कुठून आणला? तर एके दिवशी नव्या बाई गोड हसत वाचनालयात आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमची जुनी वार्तापत्रं रद्दीत पडली असतील ना?"

रद्दी! बातमीबाईंनी गठ्ठा उचलून दिला, वर हसूनही दाखवलं. पण तो शब्द त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला.

बुधवारच्या चहाला त्यांनी तो बोलूनही दाखवला. चहाची जोडीदारीण ठरलेली होती, दुसरी 'अ'च्या गाणीबाई. पाढेसुद्धा चालीवर म्हणून घेणाऱ्या आणि बातमीबाईंची सगळ्यांत जुनी मैत्रीण. "कुणीतरी त्या माशाचं पोट फाडून बघा गं," बातमीबाई म्हणाल्या, "आत माझी सगळी वर्षं निघतील!" गाणीबाई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. मग नेहमीप्रमाणे वार्तापत्राचा मसुदा चुका तपासायला त्यांनी आपल्याबरोबर नेला. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बातमीबाईंचं एक अक्षर छापलं जात नसे.

आणि आज पोट खरोखरच फाटलं होतं.

बातमीबाई सभागृहात पोचल्या. मासा एका कुशीवर कलंडलेला. गळ्यापासून शेपटीपर्यंत पोट कात्रीनं कापलेलं, कडा दोन्ही बाजूंनी ओढून फाडलेल्या. चार कामट्या मोडलेल्या. बाकी सभागृह जसंच्या तसं. बाकं भिंतीला लागून, पताका टांगलेल्या. चाकांचा फळा स्वच्छ पुसलेला आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात, शाळेतल्या प्रत्येक फळ्यावर असतो तसा, वळणदार अक्षरात वार लिहिलेला: मंगळवार. मंगळवारी इथे कवायत झाली असेल, तेव्हाचा राहून गेला असेल, असं बातमीबाईंना वाटलं.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या माशापाशी कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"तुम्ही शोधा," त्या बातमीबाईंना म्हणाल्या. "पुस्तकावरचा डाग बघून मुलानं ते जेवताना वाचलं की लोळताना हे सांगता तुम्ही. वार्तापत्र छापायला जायच्या आत मला नाव हवं."

"आणि नाव नाही मिळालं तर?"

मोठ्या बाईंचा आवाज खाली आला. "सभागृहाची किल्ली नव्या बाईंच्या ताब्यात होती. पालकसंघ आधीच तापलाय. जबाबदारी त्यांच्यावरच येणार. मग सुट्टीनंतर मी त्यांना शाळेत ठेवू शकणार नाही."

बातमीबाईंनी मान गंभीरपणे हलवली. पण आत कुठेतरी एक उकळी फुटली, आणि ती आनंदाची होती.

दोन

पहिला संशय चित्रकलेच्या सरांवर घ्यावा असाच होता. दर पालकदिनाला सभागृहात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन लागायचं. यंदा मासा आला आणि सरांची गच्छंती झाली.

"कुठे लावलीयत चित्रं?" बातमीबाईंनी विचारलं.

"मुतारीसमोर," सर म्हणाले. "पालक नाक दाबून बघतील. बघा आणि तुमच्या वार्तापत्रात लिहा, की यंदा प्रदर्शनाला सुगंधी प्रतिसाद मिळाला!"

"राग आला असेल ना?"

"आला की! उघड सांगतो, मत्सरही वाटला. त्या बाईंनी रंग फासलाय तो भिंतीला फासतात तसा, आणि लोक माना डोलावतायत." सरांनी ब्रश फडक्याला पुसला. "पण बाई, जरा विचार करा. मला तो मासा मारायचा असता तर कात्री कशाला घेतली असती? कागद आणि खळ! एक बादली पाणी ओतलं की काम खलास. सकाळी लगदा मिळाला असता. हे कापणाऱ्याला कागदातलं ओ की ठो कळत नाही."

हे पटण्यासारखं होतं. बातमीबाई निघाल्या तसे सर मागून म्हणाले, "तो मुडदा सभागृहातून हलणार कधी ते तेवढं विचारा. सोमवारी शाळा उघडली की माझी चित्रं आत हवीत."

दुसऱ्या होत्या पालकसंघाच्या अध्यक्षाबाई. काल संध्याकाळी पताका लावायला म्हणून त्या शाळेत होत्या, आणि आजही फाटकाशी चार आयांना गोळा करून उभ्या होत्या. त्यांच्या चिरंजीवांना माशाचा डोळा रंगवायचा होता. मिळाली शेपटी.

"मी काहीही केलेलं नाही," विचारायच्या आतच त्या म्हणाल्या. "पताका लावून झाल्यावर शिक्षकांच्या खोलीत गेले, खिळ्यावर सभागृहाची किल्ली लटकत होती. लटकत! किल्ली कार्यालयात जमा करायची असते एवढंही त्या बाईंना ठाऊक नाही? मी तर म्हणते, त्यांनीच फाडला. मासा उद्या उभा राहणार नाही हे कळलं असेल. मग काय, नाचता येईना अंगण वाकडं!"

"तुम्ही किल्लीला हात लावलात?"

"मी कशाला लावू? मी पताका लावल्या आणि दिवेलागणीच्या आत घरी गेले. सोमवारी शाळा सुरू झाली रे झाली की सभा बोलावते. एक तर ती बाई राहील, नाही तर मी."

किल्ली खिळ्यावर होती. म्हणजे शिक्षकांच्या खोलीत शिरणारा कुणीही ती घेऊ शकत होता. आणि ती खिळ्यावर सोडण्याची चूक मात्र एकाच माणसाची होती. बातमीबाईंची पावलं नव्या बाईंच्या वर्गाकडे जरा जास्तच झपाझप पडली.

तीन

मुलं मैदानावर गेली होती. नव्या बाई छोट्याशा खुर्चीत, गुडघे हनुवटीशी आणून, एकट्याच बसल्या होत्या. डोळे सुजलेले. रडूनही ही बाई चांगलीच दिसते, हे बातमीबाईंच्या नजरेतून सुटलं नाही आणि त्यांना ते आवडलंही नाही.

"किल्ली खिळ्यावर का ठेवलीत?"

"कार्यालय बंद झालं होतं हो. माझंच चुकलं." त्यांनी नाक पुसलं. "मुलांना काय सांगू मी? एक जण मघाशी विचारत होता, बाई, त्याला दुखलं का?"

"शेवटचं सभागृह कुणी बंद केलं?"

"मीच. मुलं गेल्यावर मी फळ्यावर चित्र काढत बसले होते. खडूनं मोठा देवमासा, खाली लिहिलं, 'उद्याच्या उद्या आमच्या पोटात या!' नंतर वाटलं, पालक परवा येणार, उद्याच्या उद्या काय लिहिलंय मी? हसू आलं. म्हटलं, सकाळी दुरुस्त करीन. सकाळी बघते तर..." त्या पुन्हा रडू लागल्या.

"थांबा, थांबा. फळ्यावर मासा होता?"

"सगळा फळा भरला होता. डोक्यावरचा पाण्याचा फवारा तर मी पार उजव्या कोपऱ्यापर्यंत नेला होता. वार लिहायलाही जागा ठेवली नव्हती." त्या ओशाळल्या. "तुमच्या शाळेत रोज वार लिहायची पद्धत आहे ना, ती माझ्या अजून अंगवळणी पडली नाही. गाणीबाई किती वेळा टोकतात."

त्या उठल्या, फळ्यापाशी गेल्या, आणि उगाचच डस्टर हातात घेऊन उभ्या राहिल्या. "आता सोमवारी मी या वर्गात असेन की नाही, तेच माहीत नाही."

बातमीबाई वर्गाबाहेर पडल्या. त्यांना एक गोष्ट खटकली होती आणि ती काय, हे त्यांना जिना उतरेपर्यंत उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्या शेवटच्या पायरीवर थबकल्या.

फळा काल संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत भरलेला होता. म्हणजे तो 'मंगळवार' जुना नव्हता. मासा फाडणाऱ्यानंच फळा पुसला होता आणि वर तो वार लिहिला होता.

चार

या शाळेची एक जुनी शिस्त होती. दिवस संपला की फळा पुसायचा आणि उजव्या कोपऱ्यात त्या खोलीत पुढचे तास ज्या दिवशी, तो वार लिहून मगच घरी जायचं. वर्षानुवर्षं हे करून शिक्षकांच्या हाताला अशी खोड लागते की फळा पुसला की हात आपोआप कोपऱ्याकडे वळतो. घरी फ्रिज पुसला तरी वळत असेल. फाडणारा माणूस रागाच्या भरात होता. माशाचं चित्रही त्याला सहन झालं नाही, म्हणून तेही पुसलं. आणि मग हातानं आपलं रोजचं काम केलं.

म्हणजे अध्यक्षाबाई सुटल्या, त्या शिक्षिका नव्हेत. नव्या बाईही सुटल्या, त्यांना ती खोडच नव्हती. अक्षरावरून काही कळणार नव्हतं, सगळ्या शाळेला एकच वळण घोटवलेलं होतं.

पण मंगळवार का?

आज आणि उद्या सभागृह पालकदिनासाठी राखलेलं, तिथे तास नाहीत. पुढचे तास सुट्टीनंतरच. आणि सुट्टीनंतर शाळा उघडणार सोमवारी, असं वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना सांगितलेलं. सरांनी सोमवार म्हटलं, अध्यक्षाबाईंनी सोमवार म्हटलं, नव्या बाईंनी सोमवार म्हटलं.

बातमीबाई वाचनालयात आल्या आणि संगणकावर वार्तापत्र उघडलं. 'पाण्याच्या टाक्यांच्या दुरुस्तीमुळे शाळा सोमवारऐवजी मंगळवारी सुरू होईल.' हे त्यांनी स्वतःच काल दुपारी टाइप केलं होतं. मोठ्या बाईंनी ऐन वेळी दोन बदल सांगितले होते, त्यातला हा एक. दुसरा त्याच्या खालीच होता. 'पालकदिनाची सुरुवात देवमाशानं होईल. दुसरी 'अ'चं स्वागतगीत कार्यक्रमाच्या शेवटी.'

बातमीबाईंनी ते दोन्ही बदल पुन्हा वाचले.

मंगळवार ठाऊक असलेली माणसं या शाळेत तिघंच होती. मोठ्या बाई तर काल दुपारीच बाहेर बैठकीला गेल्या, त्या तिथून परस्पर घरी. दुसऱ्या बातमीबाई स्वतः. आणि तिसरीनं काल चहानंतर मसुदा वाचायला नेला होता.

त्या पुन्हा सभागृहात गेल्या. कुणी नव्हतं. फळ्यावर तो एकच शब्द, आणि फळीवर डस्टर. एक हात फिरवायचा अवकाश! पुरावा संपला. जुनी मैत्रीण वाचली. नव्या बाई सुट्टीत गेल्या त्या गेल्याच. पुढच्या महिन्यापासून कुणी रद्दी मागायला येणार नाही, पहिलं पान पुन्हा आपलं. आणि बातमीबाईंनी काय करायचं? काहीच नाही. नुसतं पुसायचं.

त्यांनी डस्टर उचललं.

पाच

गाणीबाई वर्गात एकट्या वह्या तपासत होत्या. दारात बातमीबाई दिसल्या तशा त्या हसल्या. मग त्यांचं लक्ष मैत्रिणीच्या हातातल्या डस्टरकडे गेलं.

"हे काय गं?"

"सभागृहातलं आहे. दुसऱ्या कुणी फळा पुसू नये म्हणून घेऊन आले." बातमीबाई मुलांच्या बाकावर बसल्या. "तू मंगळवार लिहिलास."

गाणीबाईंच्या हातातला लाल पेन थांबला. "कुणीही लिहिला असेल."

"इतर सगळ्यांच्या लेखी शाळा सोमवारी आहे. मंगळवार फक्त माझ्या मसुद्यात होता."

"मोठ्या बाईंना माहीत होता. आणि तुला नव्हता माहीत?"

"होता ना. म्हणून आधी मी स्वतःलाच विचारलं, बाई, तू तर नाहीस? मनातल्या मनात तर मी तो मासा रोज फाडत होते." "पण काल मी चार वाजताच घरी गेले. तुझ्यासमोरच गेले."

गाणीबाईंनी समोरची वही मिटून बाजूला ठेवली.

"स्वागतगीत शेवटी," गाणीबाई म्हणाल्या. "लोक पिशव्या उचलून दाराकडे निघतात, तेव्हा माझी पोरं म्हणणार, या, स्वागत असो! इतकी वर्षं मी पडदा उघडला गं या शाळेचा. आणि मला ते तुझ्या मसुद्यात वाचायला मिळालं. तू टाइप केलंस. माझ्यासमोर चहा प्यायलीस. एका शब्दानं बोलली नाहीस."

"जिवावर आलं होतं."

"पालकदिनासाठी रिबिनी कापत होते, कात्री हातातच होती. किल्ली समोर. आत गेले तर तो मासा, आणि फळ्यावरही तोच मासा, हसणारा! आणि कानात तुझाच आवाज. पोट फाडून बघा गं." त्यांनी बातमीबाईंकडे पाहिलं. "तुझी वर्षं काही निघाली नाहीत. कामट्या निघाल्या."

बातमीबाईंना रोजचा चहा आठवला. महिनोन्महिने त्यांनी रोज चहाबरोबर या बाईच्या कानात विष ओतलं होतं आणि वर हसल्या होत्या. नव्या बाईंचा आवाज, नव्या बाईंच्या साड्या, नव्या बाईंचं कौतुक. गाणीबाई बिचाऱ्या गाण्यात रमणाऱ्या. मत्सर त्यांना ताल धरून शिकवला तो बातमीबाईंनी.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "मोठ्या बाईंकडे जाऊ."

"तू सांगणार माझं नाव?"

"दोन नावं सांगणार. एकीनं फाडलं, एकीनं सुचवलं. त्या पोरीची नोकरी जाईल गं, आपल्या चहापायी."

सहा

मोठ्या बाईंनी दोघींचं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत, हेच जास्त लागलं. "दोघींनी दुसरी 'ब'च्या मुलांची माफी मागायची," त्या म्हणाल्या. "स्वागतगीत शेवटीच राहील. आणि उद्या सकाळी मासा उभा हवा."

मासा उभा करायला कागद हवा होता, आणि रद्दी तर संपली होती. वाचनालयाच्या कपाटात मात्र दोऱ्यानं बांधलेला एक संच होता, पहिल्या अंकापासूनचा. बातमीबाईंनी तो स्वतः जपला होता. दोरा सोडताना त्यांना इतकं वाईट वाटलं की सरांनी मागून "घाई करा हो, खळ सुकतेय" म्हटलं तेव्हा त्या त्यांच्यावर खेकसल्या.

दुपारभर मुलं, सर आणि तिन्ही बाई माशाच्या पोटावर कागद डकवत होत्या. माफी मागून झाली होती. मुलांनी ती लगेच दिली आणि विसरूनही गेली. नव्या बाई गाणीबाईंना म्हणाल्या, "मला इतकंच वाटत होतं, की तुम्हाला मी आवडत नाही. आपण एक करू या का? तुमचं गाणं शेवटीच होऊ दे, पण मुलं माशाच्या पोटातून म्हणतील. मग कोण जातोय उठून!" गाणीबाईंना रडूच फुटलं. बातमीबाईंच्या मनात आलं, म्हणजे मनाचा मोठेपणाही हिच्याकडेच! तेवढा तरी दुसऱ्या कुणासाठी ठेवायचा.

शुक्रवारी पालक आले, माशाच्या पोटात वाकून डोकावले. शेवटी आतून गाणं सुरू झालं तेव्हा दाराकडे निघालेले परत फिरले. अध्यक्षाबाईंचे चिरंजीव शेपटीतून बाहेर आले आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या. अध्यक्षाबाईंनी सभेचा विषय पुन्हा काढला नाही. दप्तरादप्तरात वार्तापत्र गेलं, पहिल्या पानावर देवमासा आणि त्याखाली ठळक अक्षरात शाळा कधी उघडणार ते.

सगळे पांगल्यावर बातमीबाई दिवे मालवायला सभागृहात आल्या. नव्या बाई फळा पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. खडू घेऊन त्यांनी उजव्या कोपऱ्यात अगदी मन लावून, वळणदार अक्षरात लिहिलं, आणि शाबासकीच्या अपेक्षेनं मागे वळून पाहिलं.

सोमवार.

"वार्तापत्र वाचलंत ना?" बातमीबाईंनी विचारलं.

"हो तर! पहिलं पान किती सुंदर झालंय. माशाचा फोटो मी लगेच कापून वहीत चिकटवला."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं..." नव्या बाईंची नजर माशाकडे गेली. शेपटीवरचा एक ताजा तुकडा अजून ओला होता. "शेपटी थोडी उकलली होती ना, तिथे लावलं."

बातमीबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांना दिसलं, ही बाई सोमवारी सकाळी नटूनथटून कुलूपबंद फाटकाशी उभी आहे, हातात नव्या कल्पनांची पिशवी. उभी राहू दे. कोण सांगणार आहे हिला? आपण सांगितलं होतं की, ठळक अक्षरात सांगितलं होतं.

"शिस्त शिकले की नाही बाई?" नव्या बाईंनी विचारलं.

"शिकलात," बातमीबाई म्हणाल्या. मग त्यांनी डस्टर उचललं, 'सोमवार' पुसून टाकला आणि खडू नव्या बाईंच्या हातात दिला. "आता मंगळवार लिहा. का, ते मी चहा पिता पिता सांगते. गाणीबाई वाट बघतायत."